गाय कुणाची, दूध कुणाचं? मासाई बायकांचे गट आणि मुलींची शाळा

आफ्रिकेत केनिया आणि टांझानिया हे दोन शेजारी देश आहेत. त्यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना गवताळ माळरानावर मासाई नावाचा समाज राहतो. गुरं आणि शेळ्या-मेंढ्या पाळणारा. आपल्याकडचे मेंढपाळ धनगर जसे चाऱ्यामागं फिरतात, तसेच हे लोक पाऊसपाणी बघून कळप हलवतात. लाल कापड पांघरलेले उंच पुरुष आणि गळ्यात रंगीत मण्यांच्या मोठ्या चकत्या घातलेल्या बायका, असे फोटो तुम्ही टीव्हीवर किंवा मोबाईलवर पाहिले असतील.

या समाजात घरसुद्धा बाईच बांधते. फांद्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर माती आणि शेणाचं लिंपण करायचं. पाणी, सरपण, धारा काढणं, मुलंबाळं सगळं तिच्याकडं. लग्न झालं की नवऱ्याच्या कळपातल्या काही गाई तिला नेमून दिल्या जातात. त्यांचं दूध तिचं. घरात किती ठेवायचं, कुणाला द्यायचं, उरलं तर विकायचं का, हे ती ठरवते. पण गाय तिची नाही. विकायचा हक्क नवऱ्याचा आणि पुढं वारसा मुलग्यांचा.

याचा अर्थ काय होतो, ते केनियातल्या एनोसाएन गावच्या काकेन्या न्ताइया यांनी एका जाहीर भाषणात सांगितलं आहे. त्यांचे वडील शहरात पोलिसात होते. शेतात, गोठ्यात राबायची आई. वडील सुट्टीवर यायचे, गाय विकायचे, घरातला माल विकायचे आणि पैसा मित्रांबरोबर दारूत जायचा. आईला बोलता येत नव्हतं, कारण बाईच्या नावावर काही असूच शकत नाही अशी रीत. ऐकताना आपल्यातल्या काहींना हे आपल्याच गल्लीतलं वाटेल.

जाता जाता एक. आपल्या गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी नंबर असतो. त्या नंबरापुढं मालक म्हणून कुणाचं नाव लागलंय, आणि दूध घालता त्या डेअरीचं खातं कुणाचं आहे, हे पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारून बघा.

आता शाळेचं. केनियात २००३ पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे. पण गणवेश, वह्या, पुढच्या शिक्षणाचा आणि वसतिगृहाचा खर्च उरतोच, शिवाय शाळा लांब, वाट जंगली जनावरांची. त्याहून मोठी अडचण म्हणजे मुलगी वयात आली की तिची खतना करायची प्रथा. ती झाली की मुलगी लग्नाला तयार समजायची, आणि तिथंच शाळा संपते. केनियात २०११ च्या कायद्यानं या प्रथेवर पूर्ण बंदी आहे, पण कायदा झाला म्हणून रीत लगेच थांबत नाही, हे आपण बालविवाहात रोज बघतोच.

काकेन्यांचं लग्न तर पाच वर्षांच्या असतानाच ठरलं होतं. त्यांनी वडिलांशी सौदा केला: प्रथा पाळते, पण मला शाळा पूर्ण करू द्या. एका मुलीला शिकण्यासाठी केवढी किंमत मोजावी लागली! पुढं अमेरिकेत शिकायला जायची संधी आली, तेव्हा प्रवासाला पैसे गावानंच गोळा केले. त्याही गावाला विसरल्या नाहीत, २००९ मध्ये तिथं ३० मुलींची शाळा सुरू केली आणि त्यानंतर डॉक्टरेटही पूर्ण केली.

सगळ्याच आयांना अशी संधी कुठली मिळायला? त्यांच्या उपयोगी पडतात ते गट. टांझानियात त्यांना विकोबा म्हणतात, म्हणजे गावची बँक. ही पद्धत मुळात नायजर देशात १९९१ मध्ये सुरू झाली आणि तिथून आफ्रिकाभर पसरली. त्यांचा कारभार आपल्यासारखाच, पण एक वस्तू वेगळी: लोखंडी पेटी. बँक दूर, म्हणून पैसा पेटीतच. पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडं आणि पेटी चौथीकडं. तिघी हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही आणि ती उघडते ती सगळ्यांच्या देखत, बैठकीतच. बचत ‘शेअर’च्या हिशोबानं, म्हणजे जिला जमेल तिनं एक शेअर घ्यावा, जिला जमेल तिनं जास्त. लिहिता न येणाऱ्या बाईला कळावं म्हणून बऱ्याच गटांत पासबुकात प्रत्येक शेअरला एक शिक्का मारतात. आजारपण, मयत यासाठी वेगळा छोटा निधी.

वर्ष संपलं की व्याजासकट सगळा पैसा वाटून टाकायचा आणि पुन्हा नव्यानं सुरुवात करायची. आपल्याकडं वाटप म्हटलं की सीआरपी ताई कपाळाला हात लावतात, आणि त्यांचं बरोबरही आहे, कारण वाटपानंतर आपले गट मोडतात आणि बँकेचं कर्ज अडतं. पण तिथं अनेक गट वाटपाची तारीख मुद्दाम फीच्या वेळेला धरून ठेवतात. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. ऐन वेळी आईच्या हातात स्वतःची रक्कम असते, आणि नवऱ्यानं गाय विकायची वाट बघावी लागत नाही.

पैसा येतो कुठून? दूध आणि मणीकाम. मणी काचेचे, बरेचसे युरोपातल्या चेक देशातून येतात. पर्यटक हार घेतात, पण मधल्या दुकानदाराचा वाटा मोठा असतो, म्हणून काही ठिकाणी बायकांनी एकत्र येऊन माल थेट विकायला सुरुवात केली. मात्र नुसत्या पर्यटकांवर भिस्त ठेवणं धोक्याचं. २०२० मध्ये कोरोनात पर्यटक आले नाहीत आणि हार घरात पडून राहिले. त्याच वर्षापासून पावसानं पाठ फिरवली. लागोपाठ पाच हंगाम कोरडे गेले, ढिगानं गुरं मेली. दूध गेलं, म्हणजे बाईच्या हक्काची एकमेव कमाईही गेली.

म्हणूनच टांझानियात लोलिओंडो भागात १९९७ पासून मासाई बायकांची पास्टोरल विमेन्स काउन्सिल ही संस्था गुरं आणि जमीन थेट बायकांच्या ताब्यात यावी यासाठी झटते आहे. तिथल्या १९९९ च्या गावजमीन कायद्यानं बाईला पुरुषाइतकाच हक्क दिला, पण गावसभेत उठून तो मागायला एकटी बाई धजत नाही. गट बरोबर असला की धजते.

इकडं एनोसाएनच्या शाळेत मुलीचं नाव घालताना आईबापांना कबूल करावं लागतं की मुलीची खतना करणार नाही आणि शिक्षण संपेपर्यंत लग्न लावणार नाही. शाळेला जागा मिळाली ती गावच्या जाणत्या पुरुषांकडूनच.