सायकलच्या सुकाणूतील दोष : तक्रारीचा शब्द व दोषाचे स्थान

परभणी–जिंतूर मार्गावरील झरी हे गाव काळ्या, चिकण जमिनीच्या प्रदेशात वसलेले आहे. अशा प्रदेशात पावसाळ्यातील चिखल व उन्हाळ्यातील धूळ सायकलच्या हँडलखालील छर्ऱ्यांत सहज शिरते. त्यातून उद्भवणाऱ्या दोषांविषयी दुरुस्तीवाल्याकडे येणारी तक्रार मात्र पुष्कळदा एवढीच असते : ‘हँडल बिघडले.’ हे वाक्य दोष कोठे आहे ते सांगत नाही. तो हाताला कोठे जाणवला ते सांगते. या दोहोंतील अंतर ओळखणे म्हणजेच निदान होय.

प्रथम रचना पाहू. पुढील चाक ज्या दुपाखी भागात बसते त्यास दुरुस्तीवाले ‘चिमटा’ म्हणतात. चिमट्याची दांडी चौकटीच्या पुढील उभ्या नळीतून वर येते. नळीच्या वरच्या व खालच्या टोकांस एकेक वाटी असून तीत छर्रे फिरतात. स्वाराचा व रस्त्याचा भार मुख्यतः खालच्या वाटीवर पडतो, आणि चाकाने उडविलेला चिखलही तिच्याच वाट्यास येतो. हँडलचा दांडा चिमट्याच्या दांडीत आतून, एका लांब बोल्टच्या ताणाने घट्ट बसविलेला असतो.

सुकाणू केवळ वळण्यासाठी असते, ही समजूत अपुरी आहे. सायकल ज्या बाजूस कलते त्या बाजूस चाक किंचित वळते, म्हणूनच ती तोल सावरते. हा तोल फिरत्या चाकाच्या भोवरागुणामुळेच राहतो, असे दीर्घकाळ मानले जाई. उलट दिशेने फिरणारे जादा चाक बसवून हा गुण नाहीसा केला तरी सायकल चालविता येते, असे डेव्हिड जोन्स यांनी १९७० मध्ये दाखविले. २०११ मध्ये कुईमन व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हा प्रश्न आणखी पुढे नेला. उपपत्ती काहीही असो, व्यवहारातील निष्कर्ष एकच : ज्या सायकलचे हँडल मोकळेपणी वळत नाही ती सरळही चालत नाही. नवशिका दुरुस्तीवाला ‘हँडल डुगडुगते’ हे ऐकताच वरचा नट आवळतो. आवळणे प्रमाणाबाहेर गेले की स्वार नागमोडी जाऊ लागतो आणि दोष स्वतःच्या सवयीस लावतो.

तक्रारींचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

पहिला, ‘हँडल जड’. पुढील चाक उचलून चौकट थोडी कलती करावी. हँडल आपल्या वजनाने एका बाजूस पडले पाहिजे. न पडल्यास छर्रे अतिशय आवळलेले तरी आहेत किंवा ग्रीस सुकून चिखल बसलेला आहे. अशा वेळी वाट्या उघडून रॉकेलने धुवाव्या, छर्रे तपासावे व नवे ग्रीस भरावे. हँडल बरोबर मध्यावर अडकल्यासारखे वाटत असेल, तर वाटीत खड्डे पडलेले असतात. सरळ चालताना छर्रे एकाच जागी सूक्ष्म हालत राहतात व तेथील ग्रीस निघून जाते. येथे नट सैल करून भागत नाही. वाटी बदलावी लागते.

दुसरा, ‘हँडल डुगडुगते’. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी व वाटीच्या सांध्यावर बोट ठेवावे. हालचाल बोटाला जाणवली तर छर्रे सैल आहेत; न जाणवल्यास ती ब्रेकची किंवा चाकाच्या आसाची असू शकते. छर्रे सैल असतील तर वरचा नट ढिला करून खालची कडी थोडथोडी फिरवावी व नट पुन्हा घट्ट करावा. घट्ट केल्यावर कसोटी पुन्हा घ्यावी, कारण नटाच्या दाबाने कडीची बैठक बदलते.

तिसरा, ‘हँडल फिरते, चाक फिरत नाही’. हा सर्वांत धोक्याचा दोष होय. चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळले असता ते घसरत असेल, तर आतील बोल्ट सैल आहे. तो आवळल्याविना सायकल रस्त्यावर नेऊ नये.

चौथा, ‘गाडी एका बाजूस ओढते’. येथे दोष चाकात, चिमट्यात किंवा चौकटीत असू शकतो, आणि शब्दावरून काहीच ठरत नाही. भाषाविज्ञानात ‘काळ’ व ‘गाळ’ ही लघुतम युग्माची जोडी घेताना बाकी सर्व ध्वनी कायम ठेवून एकच बदलतात. येथेही तीच रीत उपयोगी पडते. चाक काढून डावीउजवी बाजू पालटून त्याच चिमट्यात बसवावे. धावेचा कल दुसऱ्या बाजूस गेला तर दोष चाकाचा. ‘आउट’ काढावी, म्हणजे तारा आवळून-सैल करून धाव मध्यावर आणावी. कल त्याच बाजूस राहिला तर चिमटा वाकडा समजावा. चौकटीसाठी एक दोरी पुरते : मागील आसाच्या एका टोकापासून पुढील उभ्या नळीला वळसा घालून ती दुसऱ्या टोकास आणावी. बैठकीखालील नळीपासून दोरीच्या दोन्ही बाजूंचे अंतर समान आले पाहिजे.

धडक बसलेल्या सायकलीत आणखी एक पाहणी अवश्य करावी. चिमटा मागे सरकला आहे काय, आणि पुढील नळीच्या सांध्याखाली रंगास सुरकुती किंवा तडा आहे काय? तडा गेलेला चिमटा ठोकून सरळ करणे म्हणजे दोष लपविणे होय. तो बदललाच पाहिजे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली देण्यात आल्या. अशा सायकलीवर रोज शाळेस जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने हा भेद केवळ परिभाषेचा राहत नाही.

सारांश, ‘हँडल’ हा तक्रारीतील शब्द दोषाचे नाव नसून चौकशीचा आरंभ आहे. एका वेळी एकच घटक बदलावा, प्रत्येक बदलानंतर कसोटी घ्यावी, आणि पान्हा त्यानंतरच उचलावा.