स्टिअरिंगमधला ‘प्ले’ येतो कुठून?

लाखनीतून जाणाऱ्या नागपूर-रायपूर महामार्गावर जुनी पिकअप सरळ ठेवायलाही स्टिअरिंग सारखे हलवावे लागत असेल, तर स्टिअरिंग बॉक्स तपासा. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते. त्यामुळे आतला पेचदार वर्म मधोमध जास्त झिजतो, टोकांना कमी. म्हणूनच वरचा स्क्रू आवळून मधला प्ले, म्हणजे सैलपणा, घालवला, की पूर्ण वळणावर स्टिअरिंग जखडते. हा उपाय धोक्याचाच. उदाहरणार्थ, महिंद्राने जुळणी केलेल्या विलीज जीपमध्ये वर्मच्या खाचेत दोन खुंट्या सरकतात. त्या चपट्या झाल्या असतील, तर बॉक्स बदलणेच बरे. बॉक्स उतरवण्यासाठी त्याला जोडलेला ड्रॉप आर्म काढताना हातोडा नको, पुलर लावा. मात्र खर्चाआधी टाय रॉडचे बॉलजॉइंट हलवून पाहा. प्ले तिथलाही असू शकतो.