मातेचें दूध आणि घागरीचें पाणी

बालसंगोपन निसर्गाला धरून करावें, असा उपदेश हल्लीं पुष्कळ ऐकूं येतो. उपदेश चांगला आहे. परंतु जुनें तें सारें नैसर्गिक, ही समजूत चुकीची होय. आमच्या घरचाच दाखला वाचकांपुढें ठेवितों.

सन २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच उन्हाळ्यांत आमची कन्या पहिल्या बाळंतपणास नांदेडहून माहेरीं लातुरास आली. गोदाकांठचें सासर सोडून ती मोजक्या घागरींच्या घरांत आली होती.

प्रसूति रुग्णालयांत सुखरूप झाली. घरीं येतांच आम्हीं मध-तुपाची वाटी पुढें केली. सुश्रुतसंहितेंत नवजातास मध-तूप चाटविण्यास सांगितलें आहे, हें आमचें प्रमाण. कन्या म्हणाली, "बाबा, एक वर्षाच्या आंत मध द्यायचा नाहीं, त्यांतील जंतूंच्या बीजांपासून तान्ह्याला विषबाधा होऊं शकते." आम्ही निरुत्तर झालों. हीच कन्या जन्मली तेव्हां आईचा पहिला पिवळा चीक जड म्हणून आम्हींच टाकविला होता. रोगांपासून बालकाचें रक्षण करणारीं द्रव्यें त्या चिकांतच विपुल असतात! तिचें सुदैव म्हणून निभावलें. आमचें शहाणपण नव्हे.

पुढें घसा सुकेल म्हणून चमचाभर पाण्याचा आग्रह झाला. तोहि तिनें मोडला. पहिले सहा महिने केवळ आईचें दूध पुरे, उन्हाळ्यांतहि वेगळें पाणी नको, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. डब्याच्या दुधाला शुद्ध पाणी हवें, बाटली उकळावयास इंधन हवें. पाणी अशुद्ध असल्यास अतिसार ठरलेला. मातेच्या दुधास यांतील कांहींच लागत नाहीं. मात्र तें खरोखरच अपुरें पडल्यास वैद्यकीय सल्ल्यानें वरचें दूध देण्यांत कमीपणा नाहीं.

लंगोटांचा प्रश्न अधिक बिकट होता. धुवावे तर पाणी नाहीं. तयार लंगोट वापरून फेकावे, तर त्यांतील प्लॅस्टिक कुजत नाहीं. तिनें दिवसा जुन्या धोतराचे लंगोट व रात्रीं एक तयार लंगोट, असा मध्यम मार्ग काढिला. ओले लंगोट खळबळलेलें पाणी परसांतील कडुलिंबास जाई.

आज नात शाळेंत जाते. कडुलिंबहि उभा आहे. घरांतील वडीलधाऱ्यांस एवढीच विनंति कीं, बाळंतिणीस पोटभर अन्न, पुरेशी झोंप आणि निवांतपणा द्यावा. उपदेश त्यानंतर, आणि तोहि आधीं पारखून.