हृदय धडधाकट, तरी ठोका बेताल
श्रोतेहो, टू-डी इको निर्दोष आला म्हणून धडधड खोटी ठरत नाही. झडपा आणि स्नायू उत्तम असूनही हृदयाची विद्युतयंत्रणा बिघडू शकते. काहींना जन्मतःच एक जादा विद्युतमार्ग असतो. त्यामुळे ठोके एकाएकी मिनिटाला १५० ते २२० वर जातात आणि तसेच एकाएकी थांबतात. थांबल्यावर काढलेला ईसीजी पुष्कळदा साधारणच येतो. म्हणून शहापूरकरांनी धडधड चालू असतानाच भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय गाठावे, ईसीजी काढावा व जपून ठेवावा. कॅथेटरने तो मार्ग जाळला की त्रास बहुधा कायमचा जातो. मात्र शुद्ध हरपली किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर विलंब नको. ब्रुगाडा बंधूंनी १९९२ साली वर्णन केलेला दोष असाच छुपा असतो.