पेढीकाठची वही

नववीच्या वर्गाला 'जलसुरक्षा' हा विषय २०२० साली आला, पुढच्या वर्षी दहावीला. विषय श्रेणीचा आहे, म्हणजे त्याचे गुण टक्केवारीत धरले जात नाहीत. त्यामुळे पालकसभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, इसके मार्क जुड़ते क्या?" जुडत नाहीत म्हटले की पालकांचा रस संपतो आणि बहुतेक मुलांचाही. उपक्रमवही म्हणजे मग एकाने लिहायची आणि चाळीस जणांनी उतरवायची चीज.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, पण आमच्याकडे मनुष्यबळ कमी, म्हणून हा विषयही माझ्याकडे आला. गेल्या वर्षी त्यातली एक वही अशी निघाली की ती मी तपासून परत देऊ शकले नाही, मागून घेतली. वही उर्दूत आहे. इथे मी तिच्यातले मराठीत सांगते आहे. शब्द माझे, म्हणणे त्या मुलीचे. तिचे नाव मुद्दाम देत नाही. का, ते पुढे कळेल.

पहिली क्षेत्रभेट अगदी दारातली, वलगावच्या पेढी नदीवर. याच पेढीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, हे आमच्या भागातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. हातात खराटा घेऊन गावे झाडणारा माणूस इथे गेला आणि पुलावरून खाली पाहिले तर काय दिसते? मुलीने यादी केली आहे: पिशव्या, निर्माल्य, औषधाच्या बाटल्या, जुनी गादी, थर्माकोलच्या प्लेटा. प्लेटांपुढे तिने कंसात लिहिले, 'पिवळा भात लागलेला'. तेव्हा मी त्या कंसाकडे फारसे लक्ष दिले नाही.

तिला जास्त गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. नकाशात बोट फिरवत तिने शोधले की पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. मोगलांच्या काळात हाजी लोक सुरतेच्या बंदरातून जहाजात बसत, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत, हे मी वर्गात सांगितले होते. वहीत तिने लिहिले, 'आमच्या पुलाखालून टाकलेली पिशवी हाजींच्या वाटेवर जाते.' लाल शाईने तिथे मी फक्त एक रेघ मारली.

दुसरी भेट शाळेची नव्हती, तिची स्वतःची होती. तिची नानी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. वलगावहून पश्चिमेला भातकुली, दर्यापूरकडे निघाले की खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना तो पसरला आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली ९३२ गावे घेतली आहेत, त्यावरून त्याचा पसारा कळावा. गावोगाव सांगतात की इथे कधीकाळी समुद्र होता. मुलीने पुस्तकातले कारण लिहिले आहे: सातपुड्याच्या पायथ्याशी पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे, त्या गाळात क्षार आहेत, आणि पाण्याचा निचरा इतका मंद की ते धुऊन जात नाहीत. पाणी जमिनीत आहे, भरपूर आहे. पण ओठाला लावता येत नाही.

पुस्तकात जे नाही, ते नानीच्या घरात होते. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, तासभर चूल जाळली तरी दाणा दाताखाली येतो. साबणाला फेस येत नाही. पावसाळ्यात नानी पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रम लावते आणि ते पाणी झाकून ठेवते, ते फक्त डाळीसाठी. मुलीने दोन बाटल्या भरून शाळेत आणल्या, एक आमच्या विहिरीची, एक नानीच्या बोअरची. दोन्हींत साबणाचा सारखाच तुकडा टाकून हलवल्या. एकीत फेस बोटभर चढला, दुसरीत पांढरट साका तरंगला. सगळा वर्ग पुढे धावला. एवढी गर्दी माझ्या गझलेच्या तासाला कधी झालेली नाही.

आता या भागात नळाचे पाणी येते, तेही काही दिवसांआड. ते शहानूर धरणातले. धरण मेळघाटाच्या पायथ्याशी, म्हणजे त्या पाण्याचा थेंब न् थेंब मेळघाटच्या डोंगरात पडलेला. मेळघाटात १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. वाघासाठी जंगल राखले असे आपण म्हणतो. वहीतले वाक्य असे: 'नानीच्या पेल्यातले पाणी वाघाच्या घरून येते.' नानीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तो फिर शेर को सलाम कहना."

याच प्रकरणात आणखी चार ओळी आहेत. मामाच्या मुलासाठी अचलपूरकडचे एक स्थळ आले होते. घर पसंत, मुलगा पसंत. मुलीची आई येऊन घोटभर पाणी पिऊन गेली आणि निरोप आला की आमची मुलगी तिथे राहायची नाही. मुलीने यावर काही भाष्य केलेले नाही, तारीख तेवढी टाकली आहे. खारपाणपट्ट्यातल्या वाचक भगिनींना यात नवे काही नाही. मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी, कापडाला बसणारा पिवळा डाग, हंडाभर गोड्या पाण्यासाठी थांबलेले हात, सगळे ठाऊक असते. पर्यावरण हा शब्द ऐकला की आपल्याला वृक्षदिंडी आठवते. मुलाचा निकाह मोडणे हेही त्याच पुस्तकातले प्रकरण आहे, हे मला त्या चार ओळींनी दाखवले.

जमिनीचेही तसेच. हे खारे पाणी काळ्या मातीला दिले तर माती घट्ट होते, वरचे पाणी खाली मुरत नाही. म्हणून इथला शेतकरी पावसावरच कापूस, तूर, मूग, हरभरा घेतो. ज्याला जमले त्याने शेततळे खणून पावसाचे पाणी साठवले आहे, कारण बोअर मारून इथे उपयोग नाही. उलट आमच्याच जिल्ह्यात वरूड-मोर्शीला खालचे पाणी गोड होते. संत्र्याच्या बागांसाठी बोअरवर बोअर मारले आणि ते इतके उपसले की तो भाग भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जाऊ लागला. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत वरूड होता. मुलीने दोन्ही तालुके शेजारी शेजारी लिहून खाली प्रश्न टाकला आहे: 'नानीकडे पाणी आहे पण पिता येत नाही, वरूडला पिता येत होते ते संपवले. यांतला गरीब कोण?' प्रश्नाखाली तिने अर्धे पान कोरे ठेवले आहे. मीही त्यावर काही लिहिले नाही.

तिसरी भेट अचलपूरची. परतवाड्याच्या रस्त्याने निघालो, हौज कटोरा पाहिला. गोल हौदाच्या मधोमध अष्टकोनी मजली इमारत. एकेकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी असलेल्या या गावाबाहेर आता ती शेतांच्या सोबतीने उभी आहे. आम्ही गेलो तेव्हा हौद कोरडा होता, मुलांनी फोटो काढले, खिचडी खाल्ली, परत आलो. सहलीपेक्षा त्यानंतरचे वाचन कामाचे झाले. मुलीने अनुपम मिश्र यांचे तलावांवरचे हिंदी पुस्तक, 'आज भी खरे हैं तालाब', वाचून काढले. १९९३ चे हे पुस्तक कोणीही छापावे, त्यावर हक्क राखलेला नाही, याचेच तिला जास्त नवल. मेळघाट ओलांडला की पलीकडे बुऱ्हाणपूर. तिथला कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधला गेला: सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचे आणि केवळ उतारावर गावात आणायचे. शंभराहून जास्त कुंड्या, ना मोट, ना पंप. मुलीने त्याची आकृती काढली आहे, कुंड्या जरा वाकड्या झाल्या आहेत, पण उतार बरोबर दाखवला आहे.

यानंतर तिने वहीत वुजूचे प्रकरण काढले. ते मी सांगितले नव्हते. वाहत्या नदीवरही पाणी वाया घालवू नका, ही रिवायत आपल्याला सगळ्यांना तोंडपाठ असते आणि तोंडपाठ असल्यामुळेच बहुधा नळ बंद होत नाही. मुलीला त्याऐवजी माप सापडले. प्रेषित (स.) एका मुद्दभर पाण्यात वुजू करीत, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हात जोडून केलेल्या एका ओंजळीएवढे माप, पाऊण लिटरच्याही आत. तिचा धाकटा भाऊ मशिदीत जातो. त्याने नळाखाली बादली ठेवली, नेहमीसारखा वुजू केला आणि बादली मापली: सहा लिटर. घरी मुलीने स्वतः लोट्याने करून पाहिला. पहिल्या दिवशी पाय राहून गेले. चौथ्या दिवशी एका लिटरात झाला.

मग हिशेब. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. सहा लिटर पाच वेळा म्हणजे तीस, निम्म्याहून अधिक. प्रत्येक नमाजला नवा वुजू होतोच असे नाही, हे तिने प्रामाणिकपणे खाली लिहिले आहे. भावाने कागद मशिदीत नेला. एक बुजुर्ग म्हणाले, "अब बच्चों से मसला सीखें क्या?" इमाम साहेबांनी मात्र जुम्याला मुद्दवर बयान केले. सध्या वुजूखान्याचे अर्धे नळ दाबून सुटणारे आहेत आणि सांडपाणी नालीऐवजी मागच्या दोन कडुनिंबांना जाते. उरलेले नळ रमजाननंतर, असे कमिटी म्हणते. कोणत्या रमजाननंतर, ते विचारायचे राहिले आहे.

वही इथे संपली असती तर नाव द्यायला हरकत नव्हती.

शेवटून दुसऱ्या पानावर ती पुन्हा पेढीच्या पुलाकडे गेली आहे. थर्माकोलच्या प्लेटा, पिवळा भात लागलेल्या. महाराष्ट्रात अशा एकदा वापरायच्या प्लेटांवर २०१८ पासून बंदी आहे, हे लिहून पुढे लिहिले आहे: 'या प्लेटा वलीम्याच्या आहेत. त्या इथे माझे अब्बा टाकतात.' तिच्या अब्बांचा मालवाहू ऑटो आहे. लग्नघरी डेगा पोहोचवायच्या आणि रात्री कचरा न्यायचा, हे एकत्र भाडे. वही देताना ती टेबलापाशी घुटमळली. "मॅडम, ये पन्ना फाड़ दूँ?" मी म्हटले, पान तुझे आहे, तू ठरव. तिने फाडले नाही.

पालकसभेला अब्बा आले. वह्या बाकावर मांडल्या होत्या. त्यांनी ते पान सावकाश वाचले, बोट ठेवून. मुलगी खिडकीपाशी उभी. मला वाटले, आता हिची शाळा सुटते. ते माझ्याकडे न पाहता लेकीला म्हणाले, "गाड़ी मेरी है, लिखा ना तूने? अब कचरा किसका है वो भी लिख." तिने तिथेच पेन घेतले आणि लिहिले. गावातली सात घरे, त्यांत माझ्या नात्यातले एक.

आता ते वलीम्याचे भाडे ठरवताना आधी प्लेटा कुठल्या ते विचारतात. पळसाच्या पत्रावळी असतील तर पन्नास रुपये कमी आणि उरलेसुरले एका ओळखीच्या शेतातल्या खतखड्ड्यात. थर्माकोल असेल तर डेगा पोहोचवून देतात, कचरा तुमचा तुम्ही न्या. मागच्या महिन्यात दोन घरांनी ऐकले. तिसऱ्याने दुसरी गाडी लावली.