ऑनलाइन सामना मध्येच सोडल्याबद्दलची शिक्षा : स्वरूप, न्याय्यता आणि ती टाळण्याचे वैध मार्ग

प्रस्तावना :

खेळ हा नियमांच्या आधारावर उभा असतो. डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळच मोडणारा असे दोन प्रकारचे दोषी खेळाडू सांगितले आहेत. लबाडी करणारा निदान नियम मानत असल्याचे सोंग तरी आणतो. खेळ मोडणारा मात्र खेळाचे विश्वच नाकारतो, म्हणून समूह त्याच्यावर अधिक रागावतो. आपल्याकडे ‘रडीचा डाव’ हा शब्दप्रयोग याच अनुभवातून रूढ झालेला दिसतो. अंगणात रडीचा डाव खेळणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला घेत नसे आणि तेवढी शिक्षा पुरेशी ठरत असे.

ऑनलाइन खेळात अशी सामाजिक शिक्षा शक्य नसते. तेथे परस्परांना न ओळखणाऱ्या व्यक्तींना संगणक काही क्षणांत एकत्र आणतो आणि सामना संपताच त्या पुन्हा विखुरतात. त्यामुळे सामना मध्येच सोडून जाणाऱ्यास आवर घालण्याचे काम यंत्रणेकडे आले. आज हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-क्रीडाप्रकाराला बहुक्रीडा स्पर्धांच्या चौकटीत मान्यता दिली आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-क्रीडेसाठी पदके देण्यात आली. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थी हे खेळ खेळतात. म्हणून ही शिक्षा कशी ठरते, ती कितपत न्याय्य आहे आणि ती प्रामाणिकपणे कशी टाळता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सामना सोडण्याने होणारे नुकसान :

‘डोटा २’ किंवा ‘लीग ऑफ लीजेंड्स’ यांसारख्या खेळात पाच विरुद्ध पाच असा सामना होतो आणि तो साधारणपणे अर्धा ते पाऊण तास चालतो. समजा, ३५ मिनिटांच्या सामन्यात पराभवाची चिन्हे दिसू लागताच एक खेळाडू १५व्या मिनिटाला निघून गेला. त्याची स्वतःची २० मिनिटे वाचली; परंतु उरलेल्या नऊ जणांच्या प्रत्येकी २० मिनिटांचा, म्हणजे एकूण १८० मिनिटांचा खेळ बिघडला. चार सहकाऱ्यांना विषम लढत द्यावी लागते आणि पाच प्रतिस्पर्ध्यांना मिळालेला विजय पोकळ ठरतो. लाभ एकाचा आणि तोटा नऊ जणांचा, असे हे गणित आहे.

रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४ सालच्या ‘द इव्होल्यूशन ऑफ कोऑपरेशन’ या ग्रंथात दाखविले आहे की, त्याच व्यक्तीशी पुन्हा गाठ पडण्याची शक्यता असेल तर स्वार्थी माणसेही सहकार्य करू लागतात. ऑनलाइन सामन्यात नेमकी हीच शक्यता क्षीण असते. शिक्षेची नोंद खात्यावर राहिल्यामुळे मात्र आजच्या वर्तनाचा परिणाम उद्याच्या सामन्यावर होतो. अंगणात सवंगड्यांची आठवण जे काम करीत असे, तेच काम येथे खात्यावरील नोंद करते.

अशी व्यवस्था नसेल तर काय घडते, याचे उदाहरण म्हणून ‘स्ट्रीट फायटर ५’ या खेळाकडे पाहता येईल. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो प्रकाशित झाला, तेव्हा मध्येच संपर्क तोडणाऱ्यास परिणामकारक शिक्षा नव्हती. हरू लागलेले काही खेळाडू सरळ जोडणी तोडून पराभवाची नोंद टाळत. तक्रारी वाढल्यानंतर कॅपकॉम या निर्मात्या कंपनीला अशा खेळाडूंचे गुण काढून घ्यावे लागले.

शिक्षेचे स्वरूप :

या शिक्षांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार कालबंदीचा होय. २०१२ साली आलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या खेळात पहिल्या दोषासाठी ३० मिनिटे, दुसऱ्यासाठी २ तास, तिसऱ्यासाठी २४ तास आणि त्यापुढे ७ दिवस स्पर्धात्मक सामन्यांना बंदी, अशी चढती श्रेणी होती. निर्दोष गेलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक खेळाडू या श्रेणीत एक पायरी खाली येत असे. दुसरा प्रकार वेगळ्या रांगेचा होय. ‘डोटा २’मध्ये दोषी खेळाडूस कमी प्राधान्याच्या रांगेत टाकले जाते. तेथे अशाच इतर खेळाडूंबरोबर खेळून ठरावीक संख्येने सामने जिंकल्याशिवाय त्याची सुटका होत नाही. तिसरा प्रकार गुणकपातीचा असून त्यात मानांकनाचे गुण किंवा वर्तनाचे गुण कमी केले जातात.

चढत्या शिक्षेची ही कल्पना नवी नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ (१९९०) या ग्रंथात सामाईक कुरणे, पाणी आणि मासेमारी यांचे दीर्घकाळ यशस्वी व्यवस्थापन करणाऱ्या समूहांची लक्षणे नोंदविली आहेत. प्रथम दोषास सौम्य आणि पुनरावृत्तीस कठोर शिक्षा, हे त्यांपैकी एक लक्षण होय. त्याचप्रमाणे शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चितता अधिक परिणामकारक असते, हे इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ मध्येच प्रतिपादन केले होते. संगणकीय यंत्रणेच्या नजरेतून अनुपस्थिती सहसा सुटत नाही, म्हणून येथे सौम्य शिक्षाही पुरते. वरील उदाहरणात २० मिनिटे वाचवणाऱ्यास ३० मिनिटे थांबावे लागले, तर त्याचा व्यवहार तेथेच तोट्याचा ठरतो.

शिक्षेची न्याय्यता :

या व्यवस्थेतील मुख्य अडचण हेतूची आहे. खेळाडूच्या यंत्राकडून येणारे संदेश थांबले, एवढेच सर्व्हरला कळते. रागाने जोडणी तोडली, घरात कोणी आजारी पडले की गावातील वीज गेली, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे यंत्रणा हेतू न पाहता केवळ परिणाम पाहून शिक्षा देते.

मैदानावरील पंचांची स्थिती वेगळी असते. २० ऑगस्ट २००६ रोजी ओव्हल येथील कसोटीत चेंडूशी छेडछाड केल्याचा ठपका आल्यानंतर पाकिस्तानचा संघ चहापानानंतर वेळेवर मैदानात उतरला नाही आणि पंचांनी सामना इंग्लंडला बहाल केला. खेळण्यास नकार दिल्यामुळे कसोटी गमावण्याचा तो पहिला प्रसंग होता. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने हा निकाल बदलून सामना अनिर्णित ठरवला आणि २००९ मध्ये मूळ निकाल पुन्हा कायम केला. सर्व घटना डोळ्यांसमोर घडूनही माणसांना एका निर्णयावर स्थिर राहता आले नाही. मग हेतू न दिसणाऱ्या यंत्राकडून अचूक न्यायाची अपेक्षा कशी करावी ?

या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, ही बाब शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. शहरात अखंड वीज व वेगवान जोडणी असलेला विद्यार्थी आणि भारनियमन किंवा दुबळ्या मोबाईल जोडणीवर अवलंबून असलेला ग्रामीण विद्यार्थी यांना एकच नियम लागू होतो. दुसऱ्याचा दोष नसतानाही त्याची नोंद पळपुटा म्हणून होऊ शकते. प्रथम दोषाची सौम्यता, परत येण्यासाठी दिलेली मुदत आणि काळानुसार पुसली जाणारी नोंद या तीन तरतुदी म्हणूनच महत्त्वाच्या आहेत. त्या वगळल्या तर ही व्यवस्था गरिबीलाच दंड करू लागेल.

शिक्षा टाळण्याचे वैध मार्ग :

१) वेळेचा अंदाज : ‘रॉकेट लीग’च्या सामन्याचे घड्याळ पाच मिनिटांचे असते, तर ‘डोटा २’च्या सामन्यासाठी तासभर हाताशी असलेला बरा. उपलब्ध वेळेनुसार खेळ निवडणे हा पहिला आणि सर्वांत सोपा उपाय होय.

२) पुनर्जोडणी : ‘डोटा २’मध्ये संपर्क तुटल्यापासून एकूण पाच मिनिटांच्या आत परतल्यास सामना सोडल्याची नोंद होत नाही. मोबाईलची पर्यायी जोडणी तयार ठेवल्यास बहुतेक वेळा एवढी मुदत पुरते.

३) शरणागती : बुद्धिबळात पराभव स्वीकारून डाव सोडणे हे सभ्यतेचे लक्षण मानले जाते, घड्याळ चालू ठेवून निघून जाणे हे असभ्यतेचे. ‘लीग ऑफ लीजेंड्स’मध्ये ठरावीक वेळेनंतर संघाला मतदानाने शरणागती पत्करता येते. असा सामना नियमानुसार संपत असल्यामुळे कोणासही शिक्षा होत नाही.

४) आरंभीच रद्द करणे : लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर पहिल्या चाली होण्यापूर्वी डाव रद्द करता येतो. मात्र वारंवार असे केल्यास तात्पुरती बंदी येते.

५) दुसऱ्याने सोडल्यास : ‘डोटा २’मध्ये एखाद्याने सामना सोडल्याची नोंद झाल्यावर, आता बाहेर पडणे सुरक्षित आहे, अशी सूचना इतरांना मिळते. त्यानंतर जाणारे दोषी ठरत नाहीत. सूचनेची वाट न पाहता उठणारा मात्र दोषी ठरू शकतो.

या मार्गांखेरीज काही पळवाटाही वापरल्या जातात. सामन्यात नाममात्र उपस्थित राहून काहीच न करणे, मुद्दाम मारले जाणे किंवा दुसरे खाते उघडणे या त्यांपैकी प्रमुख होत. त्यांत अनुपस्थितीची नोंद टळते, पण सहकाऱ्यांचे नुकसान टळत नाही. उलट रिकाम्या जागेपेक्षा शत्रूला साहाय्य करणारा सहकारी अधिक घातक ठरतो. त्यामुळे अनेक खेळांत निष्क्रियताही अनुपस्थितीसारखीच दंडनीय मानली जाते.

निष्कर्ष :

सामना सोडल्याबद्दलची शिक्षा ही अनोळखी माणसांमधील अलिखित कराराचे रक्षण करते. सामन्यात प्रवेश करणारा आपला वेळ इतर नऊ जणांकडे गहाण ठेवतो आणि त्या बदल्यात त्यांचा वेळ मिळवतो. शिक्षा टाळण्याचे जे मार्ग हा करार पाळतात ते वैध, आणि जे केवळ त्याची नोंद चुकवतात ते अवैध, असा निकष यावरून मांडता येईल.

शिक्षक म्हणून आपल्याला यातून दोन गोष्टी घेता येतील. ‘खेळ आत्ताच्या आता बंद कर’ या आज्ञेला विद्यार्थी विरोध करतो, तेव्हा तो नेहमीच व्यसनाधीन असतो असे नाही. दिलेल्या शब्दाची जाणीवही त्यामागे असू शकते. ‘हा सामना संपला की दुसरा सुरू करू नकोस’ ही सूचना त्याला अधिक पटते. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्याची आहे. घरातील संकट, प्रकृती किंवा परीक्षा समोर उभी असेल तर सामना खुशाल सोडावा आणि अर्ध्या तासाची बंदी निमूटपणे स्वीकारावी. ती तेवढीच ठेवलेली आहे, ती अशाच प्रसंगी प्रामाणिक माणसाला परवडावी म्हणून, असे मानणे योग्य ठरेल. जी शिक्षा प्रामाणिकास सोसवते आणि सवयीच्या पळपुट्यास जड जाते, ती न्याय्यतेच्या जवळ पोहोचली असे म्हणता येईल.