२४ लाख कीं ३२ लाख ?

मागच्या महिन्यांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून आम्ही सारीं दिवाणखान्यांत बसलों होतों, तों पुतण्यानें एक कागद आणून दादांच्या हातीं दिला. तो चौदा वर्षें संगणकाच्या धंद्यांत आहे. पैकीं शेवटचीं नऊ हिंजवडीच्या एका कंपनींत. बँकांचे व्यवहार ज्यांवर चालतात त्या आज्ञावली नीट चालू ठेवणें हें त्याचें काम. आजचा पगार सालिना २४ लाख. कागद होता दुसऱ्या कंपनीच्या नेमणुकीचा आणि त्यांत आंकडा होता ३२ लाखांचा.

दादांची सारी हयात बँकेंत गेली. ते म्हणाले, "अरे, मी सेवानिवृत्त झालों तेव्हां आमच्या अख्ख्या शाखेचा पगार एवढा नसेल !" वहिनींना मात्र लागलीच आपल्या भाच्याचे चाळीस लाख आठवले. एकच आंकडा एकाला डोळे दिपवणारा वाटावा आणि दुसऱ्याला तुटपुंजा, हा देखावा हल्लीं घरोघरीं दिसतो. पुतण्याचा प्रश्न निराळाच होता. "काका, मला मिळतें तें माझ्या कामाच्या मानानें रास्त आहे कीं नाहीं, हें ठरवायचें तरी कशावरून ?"

जन्म हिशेब तपासण्यांत गेलेला. मीं पेन्सिल घेतली.

पत्रांतील ३२ लाख म्हणजे पगार नव्हे. या माणसापायीं वर्षाकांठीं कंपनीस जो एकंदर खर्च पडेल, त्याची ती बेरीज. त्या लोकांच्या भाषेंत ‘सीटीसी’. तिच्यांत साडेचार लाख कंपनीचा नफा व साहेबांची मर्जी यांवर अवलंबून होते. दोन लाख नोकरींत शिरतांना एकदांच मिळावयाचे, आणि वर्षाच्या आंत नोकरी सोडल्यास परत करावयाचे. मूळ वेतन १५ लाख. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार, हा कंपनीनें भरावयाचा भविष्यनिर्वाह निधीचा भाग. हा पैसा त्याचाच खरा, पण आजच्या किराण्याला उपयोगी नाहीं. पुढें ग्रॅच्युइटी. २६ दिवसांचा महिना धरून दर वर्षामागें १५ दिवसांचें वेतन, असा तिचा हिशेब. तो मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के होतो, म्हणजे सुमारें ७२ हजार. कायम नोकरास ती सामान्यतः पांच वर्षें भरल्याखेरीज मिळत नाहीं. विम्याचा हप्ता २८ हजार. एवढें वजा घातल्यावर उरले २२ लाख ७० हजार.

आतांच्या २४ लाखांनाही हीच कात्री लावली, तेव्हां २० लाख ५० हजार राहिले. आठ लाखांचा फरक सव्वादोन लाखांच्याही आंत आला. तोही प्राप्तीवरील कर व निधींतील स्वतःचा भाग द्यावयाच्या आधीं. दादांनीं चष्मा काढून पुसला.

इतक्यांत आंतून सूनबाईंनीं विचारलें, "काका, त्यांत तास कुठें मोजलेत ?" प्रश्न बिनतोड होता. हल्लीं आठवड्याला ४५ तास काम पडतें. नव्या जागीं अमेरिकेंतील गिऱ्हाइकांशीं रात्रीं बोलावें लागतें. तेथें असलेल्या मित्रांच्या सांगण्याप्रमाणें ५५ तास सहज होतात. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर जुन्या नोकरींत तासाला सुमारें ९४९ रुपये पडतात, नव्या नोकरींत ८६० ! पगार वाढून मजुरी उतरली.

मग आहे तोच पगार रास्त म्हणावा काय ? तसेंही नव्हे. २०१६ सालीं तो या कंपनींत आला तेव्हां त्याला १३ लाख होते. २०१२ हें पायाचें वर्ष धरून काढलेला ग्राहकांच्या किंमतींचा निर्देशांक २०१६ मध्यें १३० च्या आसपास होता, २०२५ मध्यें तो १९५ च्या घरांत गेला. म्हणजे नुसतें जागच्या जागीं उभें राहण्यासच साडेएकोणीस लाख हवे होते. नऊ वर्षांची खरी बढती त्यापुढची, साडेचार लाखांची. त्याच काळांत एक होतकरू कारकून मोठ्या जोखमीचा माणूस झाला होता.

त्याहून बोचणारी गोष्ट त्यानें शेवटीं सांगितली. त्याच्याच हाताखालीं कंपनीनें गेल्या वर्षीं बाहेरून एक गृहस्थ घेतले. अनुभव नऊ वर्षांचा, पगार २३ लाख. घरच्यांस ठराविक टक्क्यांची वाढ आणि बाहेरच्यास बाजारभाव, ही या धंद्याची जुनी चाल आहे. बाजारभाव वर्षांच्या संख्येवर ठरत नाहीं, हेंही खरें. इंजिनिअर दरसाल लाखोंनीं बाहेर पडतात, म्हणून मोठ्या कंपन्यांत नवशिक्याचा पगार दहा-बारा वर्षें तीन-साडेतीन लाखांच्या घरांतच रेंगाळला. पण रात्रीं दोन वाजतां बँकेचा व्यवहार अडला असतां गांठ नेमकी कोठें बसली आहे हें ज्याला कळतें, असा माणूस लाखांनीं मिळत नाहीं. अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांत २०२१ पासून व कॅलिफोर्नियांत २०२३ पासून जाहिरातींत पगाराची मर्यादा छापणें कायद्यानें भाग आहे. आपल्याकडे मित्रांस विचारावें, दोन ठिकाणीं मुलाखत द्यावी, एवढाच उपाय.

पुतण्यानें नवी जागा नाकारली, पण स्वस्थ बसला नाहीं. निर्देशांक, हाताखालच्या गृहस्थांचा पगार व स्वतः निस्तरलेल्या अडचणींची यादी, एवढेंच घालून त्यानें वरिष्ठांस पत्र लिहिलें. दुसऱ्या नेमणुकीचा त्यांत उल्लेखही केला नाहीं. अकरा दिवसांनीं उत्तर आलें : ठराविक पगारांत तीन लाखांची वाढ, एप्रिलपासून. त्यानें मागितले होते पांच. तीन लेखी आहेत म्हणून त्यानें घेतले.

वहिनींचें समाधान झालेलें नाहीं. भाच्याचे चाळीस लाख त्या अजून काढतात. त्या चाळिसांतले हातीं किती पडतात, हें विचारण्याचें धैर्य मला अद्याप झालेलें नाहीं.